अस्वलांच्या भागात पहिला ट्रेक: बेअर कॅनिस्टर कुठला घ्यायचा, कसा भरायचा आणि भरवसा किती ठेवायचा

आपल्या सोलापुरातनं बे एरिया, सिअॅटल, न्यू जर्सी असं कुठंकुठं गेलेली पोरं वर्ष-दोन वर्षांत हायकिंगच्या नादाला लागतात, आणि कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नाहीतर सिक्वोया पार्कचं परमिट लागलं की इथल्या ट्रेकच्या ग्रुपवर त्याचा फोटो पडतो आणि खाली ठरलेला प्रश्न, “यात बेअर कॅनिस्टर कंपल्सरी लिहिलंय, खरंच लागतं का? एक किलोचा रिकामा डबा कशाला वाहायचा बे?” दरवेळी तेच तेच टाइप करायचा कंटाळा आला म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय. ज्यांनी आजपर्यंत राजगड, हरिश्चंद्रगड केलाय आणि जेवणावर डल्ला मारणारा म्हणजे माकड एवढंच ज्यांना माहितीय, त्यांच्यासाठी आहे हे.

बेअर कॅनिस्टर म्हणजे खाणं ठेवायचा, अस्वलाला उघडता येऊ नये असा मजबूत डबा. तर हो, लागतं. योसेमिटीच्या वाइल्डरनेसमध्ये रात्री राहायचं असेल तर सगळीकडे लागतं, सिक्वोया-किंग्ज कॅनियनमध्ये रे लेक्स लूपसारख्या भागात लागतं, माउंट व्हिटनीच्या भागात लागतं, तिकडे पूर्वेला न्यूयॉर्क राज्यातल्या अॅडिरॉन्डॅक डोंगरात हाय पीक्सच्या पूर्व भागात एप्रिल ते नोव्हेंबर लागतं. रेंजरने वाटेत अडवून डबा दाखवा म्हटलं आणि नसला तर दंड बसतो आणि परत पाठवतात ते वेगळंच. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिक पार्कच्या समुद्रकिनाऱ्यावर तर अस्वलापेक्षा रकून नावाच्या प्राण्यामुळे लागतं, तो मांजरापेक्षा थोडा मोठा असतो पण हाताची बोटं माणसासारखी चालवतो आणि चेन बिन सगळं उघडतो.

झाडाला पिशवी टांगली तर चालत नाही का, हा पुढचा प्रश्न. पूर्वी टांगायचेच. पण काळं अस्वल झाडावर चढतं, दोरी कुठं बांधलीय ते शोधून चावून तोडतं, फांदी बारीक असली की पिल्लाला वर पाठवतं, त्यामुळे योसेमिटीत आता टांगणं नियमातच बसत नाही. तिथल्या अस्वलांचा इतिहासच तसा आहे, १९९८ साली एका वर्षात त्यांनी हजाराच्या वर गाड्या फोडल्या, आत खाण्याचा वास आला म्हणून दरवाजा वरनं धरून खाली वाकवला. आणि एकदा माणसाच्या खाण्याची चटक लागली की ते अस्वल पुन्हापुन्हा माणसांकडे येतं, धीट होत जातं, आणि शेवटी पार्कवाल्यांना त्याला मारावं लागतं. म्हणजे डब्याचा नियम आपल्या पोटासाठी कमी आणि अस्वलाच्या जिवासाठी जास्त आहे, एवढं डोक्यात बसलं की एक किलोची कुरकुर कमी होते.

आधी यादी, मग खरेदी

सगळ्यात पहिलं काम म्हणजे ज्या पार्कचं परमिट आहे त्या पार्कच्या वेबसाइटवर मान्य डब्यांची यादी बघा. मित्राने दिला म्हणून घेऊन गेलो असं करू नका, कारण प्रत्येक पार्कची यादी थोडी थोडी वेगळी असते. बऱ्याच ठिकाणी आयजीबीसीचा शिक्का असलेला डबा चालतो. ही ग्रिझली (तिकडचं मोठं तपकिरी अस्वल) अस्वलांसाठी १९८३ मध्ये तिकडच्या सरकारी खात्यांनी मिळून काढलेली समिती आहे, तिच्या टेस्टबद्दल खाली सांगतो.

नवीन माणसाने पहिल्या ट्रेकला विकत घेऊच नये असं माझं मत. योसेमिटीच्या परमिट ऑफिसमध्ये भाड्याने मिळतो, आऊटडोअरच्या काही मोठ्या दुकानांत मिळतो, अलास्कातल्या डेनाली पार्कमध्ये तर परमिटबरोबर फुकट वापरायला देतात. एकदा वापरून बघा, मग ठरवा.

विकत घ्यायचाच असेल तर चार नावं माहिती पाहिजेत.

बेअरव्हॉल्ट. निळसर पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा डबा, दहापैकी सात लोकांच्या पाठीवर हाच दिसेल. मोठा बीव्ही५०० साधारण साडेअकरा लिटरचा, वजन एक किलो एकशे साठ ग्रॅमच्या आसपास, छोटा बीव्ही४५० सात लिटरचा आणि किलोच्या थोडा आत. आत काय कुठं आहे ते बाहेरनं दिसतं आणि तोंड मोठं असल्यामुळे हात पूर्ण आत जातो, नवीन माणसाला हे फार बरं पडतं. किंमत मोठ्याची शंभर डॉलरच्या आतबाहेर.

गार्सिया. काळा, जाड, पिंपासारखा, साधारण दहा लिटरचा, वजन सव्वा किलोच्या आसपास. झाकणावर दोन खिट्ट्या, त्या नाण्याने फिरवून उघडायच्या, म्हणून बरोबर एक क्वार्टरचं (पंचवीस सेंटचं) नाणं ठेवावं लागतं आणि ते नाणं डब्यात ठेवायचं नाही (हसू नका, लोक ठेवतात). तोंड लहान आहे, आत अंधार, पण दणकट म्हणजे दणकट.

बेअरिकेड. कार्बन फायबरचा, त्याच मापात हलका, पण किंमत कित्येक पट. याला आयजीबीसीचा शिक्का नाही तरी योसेमिटी आणि सिक्वोयात चालतो, म्हणून म्हटलं पार्कची यादी बघा. जॉन म्युअर ट्रेलसारखं तीन आठवड्याचं काही करायचं असेल तर विचार करा, दोन रात्रींसाठी पैसे घालू नका.

अर्सॅक. हा डबा नाहीच, फाटायला अवघड अशा कापडाची पिशवी आहे, झाडाच्या बुंध्याला बांधायची. आयजीबीसीचा शिक्का आहे, वजन डब्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास, त्यामुळे सगळ्यांना मोह होतो. पण योसेमिटीत आणि सिक्वोया-किंग्ज कॅनियनच्या डबा सक्तीच्या भागात चालत नाही. शिवाय पिशवी नाही फाटली तरी अस्वल ती चावून चावून आतलं सगळं लगद्यासारखं करतं, मग त्या लाळेच्या लगद्यातनं तुम्ही तुमचा उपमा शोधत बसा.

भरवसा किती

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण दुकानदार “बेअर प्रूफ” म्हणून सांगतो आणि आपण समजतो की आता काही होत नाही.

टेस्ट कशी होते ते आधी. मॉन्टाना राज्यात वेस्ट यलोस्टोन गावात ग्रिझली आणि लांडग्यांचं एक केंद्र आहे, तिथं जंगलात सोडता न येणारी ग्रिझली अस्वलं ठेवलेली आहेत. डब्यात त्यांना आवडणारं खाणं भरतात आणि डबा त्यांच्यापुढे टाकतात. अस्वलाने चावणं, आपटणं, पुढच्या दोन पायांवर सगळं वजन टाकून उड्या मारणं असा प्रत्यक्ष झटापटीचा वेळ ६० मिनिटं भरला आणि तरी डबा उघडला नाही तर पास. म्हणजे शिक्क्याचा अर्थ एवढाच की तासभर दोनशे-तीनशे किलोच्या जनावराने कुटला तरी टिकला. जंगलातलं अस्वल इतका वेळ घालवत नाही, थोडं लोळवून काही मिळत नाही म्हटल्यावर निघून जातं, म्हणून व्यवहारात हे पुरतं.

पण ताकद हा एकच प्रश्न नाही. अॅडिरॉन्डॅकमध्ये एक मादी होती, दोन्ही कानाला पिवळे टॅग म्हणून तिचं नावच यलो-यलो पडलं. आकाराने छोटी, सव्वाशे पौंडाच्या आसपास, माणसाला बघून लाजणारी. आणि हिने बेअरव्हॉल्टचं झाकण उघडायला शिकलं! त्या झाकणाला एक छोटा उंचवटा असतो, तो दाबून झाकण फिरवायचं, लहान मुलांनी औषधाची बाटली उघडू नये म्हणून करतात तशी युक्ती. यलो-यलो तो उंचवटा दाताने दाबायची आणि झाकण फिरवायची. कंपनीने मग दुसरा उंचवटा वाढवला, दोन्ही दाबल्याशिवाय उघडणार नाही असं केलं, तर तिने तेही शिकून घेतलं. आता कुठल्याही आयआयटीवाल्यांनी यावर मान हलवावी अशी गोष्ट आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये एका शिकाऱ्याने तिला मारलं, पण तेव्हापासून त्या भागात बेअरव्हॉल्ट नेऊ नका असाच सल्ला देतात, तिथं गार्सियासारखा नाण्याचा डबा न्यायचा. न्यू जर्सीवाल्यांनी हे खास लक्षात ठेवा, तुम्हाला हेच डोंगर जवळ पडतात. कॅलिफोर्नियात तोच बेअरव्हॉल्ट बिनधास्त चालतो. भरवसा डब्याचा आणि त्या जागेच्या अस्वलांचा मिळून असतो.

योसेमिटीत आणखी एक प्रकार झालेला आहे. डबा फुटत नाही म्हटल्यावर अस्वलांनी तो ढकलत ढकलत कड्यावरनं खाली टाकला, खाली खडकावर फुटला, मग खाली जाऊन खाल्लं. इथं डब्यात खोट नव्हती, डबा कड्याजवळ ठेवला होता.

बाकी डबे उघडले जातात त्यातले बहुतेक प्रकार साधे असतात, झाकण नीट लॉक केलेलं नसतं. संध्याकाळी स्वयंपाक चाललाय, सारखं काढ-घाल चाललीय, म्हणून झाकण नुसतं वर ठेवलेलं असतं, आणि अस्वल आलं. तिसरा प्रकार म्हणजे सगळं डब्यात बसलंच नाही म्हणून एक पिशवी “आजची रात्र” बाहेर राहिली. म्हणून यापुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा.

घरी भरून बघा

ट्रेकच्या आधीच्या आठवड्यात हॉलमध्ये चादर पसरा आणि सगळं खाणं त्यावर मांडा, प्रत्येक दिवसाचा वेगळा ढीग. खाणं झालं की दुसरा ढीग करा, वास येणाऱ्या वस्तूंचा. इथं आपल्या लोकांचं हमखास चुकतं. टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, लिप बाम हे कुठल्याही व्हिडिओत सांगतात, पण आपल्या बॅगेत आणखी काय काय असतं बघा: व्हिक्स, अमृतांजन, खोबरेल तेलाची बाटली, ओडोमॉस, हाजमोला, बडीशेप, खोकल्याच्या गोळ्या, आईने घातलेली उदबत्ती. हे सगळं रात्री डब्यात. कचराही डब्यात, रिकामी पाकिटं, वापरलेले वेट वाइप्स, सगळं. अस्वलाला यातलं खाण्याचं कुठलं आणि लावायचं कुठलं हे कळत नाही, वास वेगळा आला की ते बघायला येतं.

आता हे दोन्ही ढीग डब्यात बसवा. पहिल्या प्रयत्नात बसत नाहीत हे आधीच सांगतो.

हिशोब असा धरा की एका माणसाला एका दिवसाला दीड-पावणेदोन लिटर जागा लागते, म्हणजे बीव्ही५०० मध्ये सवय असलेल्या माणसाचं सात दिवसांचं बसतं, नवख्याचं पाच दिवसांचं बसलं तरी शाबास. पहिल्या दिवसाचं दुपारचं जेवण मोजायचं नाही, ते रात्रीच्या आत पोटात गेलेलं असतं. डब्याचा आकार म्हणाल तर घरातल्या पिठाच्या मध्यम डब्याएवढा, त्यामुळे वजनापेक्षा जागा कमी पडते, आणि जागा कमी पडते म्हणजे हवा भरलेल्या वस्तू पहिल्या बाहेर काढायच्या.

इथं आपलं सोलापूरचं खाणं कामाला येतं, उगाच गावाचं कौतुक म्हणून नाही. शेंगा चटणी बघा, शेंगदाण्यात १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, दाबून भरली की मूठभर जागेत दोन दिवसांचं काम होतं, शिजवावी लागत नाही आणि खराब होत नाही. फक्त तेल सुटतं, म्हणून दोन झिपलॉक पिशव्यांत एकात एक घाला, स्टीलच्या गोल डबीत नको, गोल डबीच्या कडेची जागा वाया जाते. कडक भाकरी पण मस्त, महिनोन्महिने टिकते, पण अख्खी नेऊ नका. घरीच तुकडे करा, पिशवीत भरा, वर बसून हवा काढा. तिकडे गरम सूपमध्ये नाहीतर पाकिटातल्या वरणात भिजवली की जेवण झालं, गॅसही वाचतो. शेंगदाणा लाडू चांगले, पण लाडू म्हणून नको, वडीसारखे थापून चपटे करा.

उलट चुरमुरे, फरसाण, पातळ पोह्यांचा चिवडा, वेफर्स, हे सगळं घरी ठेवा, त्यात निम्मी हवाच असते. मॅगी न्यायची असेल तर चुरून न्या, चव तीच राहते. रेडिमेड उपमा-पोह्याची पाकिटं असतील तर त्यांना टाचणीनं भोक पाडून हवा काढा आणि वर सेलोटेप लावा, नाहीतर तीन हजार मीटरवर ती फुगून टम्म होतात आणि ज्या डब्यात घरी बसली होती त्यात बसत नाहीत. भारतातनं खाणं नेणार असाल तर कस्टमच्या फॉर्मवर सरळ लिहा, लपवू नका, आणि मांसाचं काही नको.

भरताना शेवटच्या दिवसाचं तळाला, पहिल्या दिवसाचं वर. टूथपेस्ट वगैरेसाठी अगदी वर एक पिशवीएवढी जागा सोडा, कारण सकाळी-संध्याकाळी तीच लागते. कोंबून कोंबून भरलं आणि झाकण आतनं दाबलं जात असेल तर दोन वस्तू काढा, तसल्या डब्याचं झाकण लागायला त्रास आणि उघडायला त्याहून जास्त.

मग झाकण लावून उघडून लावून उघडून बघा, दहा वेळा, अंधारात, हातमोजे घालून. बेअरव्हॉल्टला टक-टक असा दोनदा आवाज आला पाहिजे, एकदाच आला तर लॉक झालेलं नाही. थंडीत ते प्लास्टिक इतकं कडक होतं की पहाटे अंगठा दुखून येतो पण उंचवटा दबत नाही, त्यावर सोपा उपाय म्हणजे एखादं जुनं प्लास्टिकचं कार्ड झाकण आणि उंचवट्याच्या मध्ये सरकवायचं आणि त्यावरनं झाकण फिरवायचं. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला सकाळी शून्य डिग्रीत उपाशी पोटी हा डबा उघडत नाही तेव्हा अस्वलाबद्दल फार आदर वाटायला लागतो.

सॅकमध्ये डबा उभा ठेवा, पाठीच्या मधोमध, खाली स्लीपिंग बॅग आणि बाजूने कपडे कोंबा म्हणजे पाठीला टोचत नाही. बाहेर खाली लटकवू नका, चालताना मागे खेचतो.

कॅम्पवर

गाडी लावतानाच सुरुवात होते. गाडीत खाण्याचं काहीही ठेवायचं नाही, ट्रेलच्या सुरुवातीला लोखंडी लॉकर असतात त्यात ठेवायचं. सिक्वोयातल्या मिनरल किंगला जाणार असाल तर आणखी एक गंमत, तिथली मार्मोट नावाची घुशीसारखी जनावरं गाडीच्या खाली शिरून रेडिएटरचे पाइप कुरतडतात, त्यामुळे लोक अख्ख्या गाडीला खालनं ताडपत्री गुंडाळतात. सोलापुरी चादर पुरणार नाही, विचारू नका.

तंबूपासून डबा निदान ३० मीटर लांब, ६० असला तर अजून बरं, आणि ग्रिझलीच्या भागात म्हणजे यलोस्टोन, ग्लेशियर, अलास्का इथं झोपायची जागा, स्वयंपाकाची जागा आणि डबा असं तिन्ही एकमेकांपासून ९०-१०० मीटरवर. जागा सपाट पाहिजे. कडा, उतार, ओढा, तळं यांच्या जवळ नको. दोन दगडांच्या बेचक्यात किंवा पडलेल्या ओंडक्याच्या आडोशाला ठेवला की लोळवायला अवघड जातो. डबा उलटा, झाकण खाली करून ठेवा म्हणजे पावसाचं पाणी आत झिरपत नाही, हे डबे पूर्ण वॉटरप्रूफ नसतात.

दोरी बांधायची नाही. हँडल करायचं नाही, झाडाला बांधायचं नाही, जाळीच्या पिशवीत घालायचं नाही. अस्वलाला पकडायला काही मिळालं की ते डबा घेऊन चालू पडतं. वर चकाकणारी टेप चिकटवा, म्हणजे रात्री कुठंतरी लोळत गेला तरी सकाळी टॉर्चमध्ये सापडतो. आणि तंबूत तर कधीच नको, डब्यातनं वास येतोच, वास न येणाऱ्या म्हणून विकतात त्या पिशव्या घातल्या तरी अस्वलाच्या नाकापुढे त्यांचं फार चालत नाही.

स्वयंपाक करताना डबा हाताच्या अंतरावर आणि झाकण बंद. फोटो काढायला सगळे उठून तळ्याकडे गेले तरी झाकण बंद, दोन मिनिटांसाठी असलं तरी.

रात्री अस्वल आलंच तर? काळं अस्वल असेल तर सगळे एकत्र उभे राहा, जोरात ओरडा, भांडी वाजवा, पळू नका. बहुतेक वेळा जातं. त्याच्या हाताला तुमचं खाणं लागलेलं असेल तर परत घ्यायला जाऊ नका, ते आता त्याचं झालं, सकाळी कचरा गोळा करा आणि रेंजरला कळवा. ग्रिझली असेल तर ओरडाओरडा नको, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरका, बेअर स्प्रे हाताशी ठेवा. स्प्रेचंही पार्कनुसार आहे, यलोस्टोनमध्ये ठेवा म्हणतात आणि योसेमिटीत बंदी आहे. विमानात तर कुठल्याच बॅगेत चालत नाही. आणि तो तंबूवर फवारायचा नसतो, मच्छरचा स्प्रे समजू नका.

जुना डबा घेताना

सेकंडहँड मिळत असेल तर जरूर घ्या, फक्त उन्हात धरून बारीक तडे बघा, विशेषतः तळाच्या कडेला आणि झाकणाच्या आट्यांजवळ. दातांचे ओरखडे असले तर काही बिघडत नाही, उलट ग्रुपवर दाखवायला बरे. तडा असेल तर फुकट मिळाला तरी नको. डीट असलेली मच्छरची क्रीम प्लास्टिकला लागू देऊ नका, ती प्लास्टिक खाते, डब्यात ठेवायची झाली तर दोन पिशव्यांत ठेवा. स्टोव्हचं लिक्विड फ्युएल तर डब्यात घालूच नका, अख्खी चटणी रॉकेलसारखी लागते.

भारतात परत येताना डबा आणावा का, असंही एकाने विचारलं. सह्याद्रीसाठी अजिबात गरज नाही, माकडांसाठी सॅकची चेन बंद ठेवली आणि सॅक उघड्यावर सोडली नाही तरी भागतं. आपल्याकडे नान्नजला माळढोक अभयारण्यात लांडगे आहेत, काळवीट आहेत, अस्वल नाही. मेळघाट-ताडोब्याकडचं आपलं अस्वल वाळवी, मुंग्या, मध, मोहाची फुलं खाणारं आहे, तुमच्या डब्याच्या मागे लागण्याची त्याला तिकडच्यासारखी सवय नाही, त्याचा धोका म्हणजे अचानक समोरासमोर येण्याचा, आणि त्यावर बोलत, आवाज करत चालणं हाच उपाय. व्याघ्र प्रकल्पात तसंही स्वतःचा तंबू टाकून राहता येत नाही. हिमालयात काळं अस्वल आहे, द्रास-झंस्कारकडे तपकिरी पण आहे, तिथं एकट्याने तंबू घेऊन फिरणाऱ्याला डबा कामाचा आहे, कंपनीबरोबर जाणार असाल तर किचन टेंट त्यांचा, तिथं तुम्ही एवढंच बघायचं की तुमच्या तंबूत बिस्किटाचा पुडा राहिलेला नाही.